म्हापशाचा शुक्रवार: चवफेरीला येण्याआधी एवढं वाचा

चवफेरी म्हणजे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून चाखत चाखत, पायी मारलेली फेरी. तिची नोंदणी केलेल्या प्रत्येकाला आम्ही हे माहितीपत्रक आधी पाठवतो. वाचायला पाच-सात मिनिटं लागतील, पण वाचून आलात तर शुक्रवारी सकाळी तुमचा आणि आमचा अर्धा तास वाचेल.

पहिली गोष्ट पोटाची. नाश्ता करून येऊ नका. हॉटेलच्या भाड्यात नाश्ता धरलेला असतो, तो सोडवत नाही, मग मंडळी पोहे, ऑम्लेट, वर कलिंगडाचा रस असं सगळं रिचवून येतात आणि दुसऱ्याच थांब्यावर हात जोडतात. चहा-बिस्किटावर या. फेरी साडेसातला मारुती मंदिरासमोरून निघते आणि तीनेक तास चालते. वाटेत दहा-बारा गोष्टी चाखायला मिळतात, बहुतेक दोन घास किंवा एक घोट. शेवटी रीतसर जेवण आहे, त्याला जागा ठेवा.

साडेसात फार लवकर होतात, अशी तक्रार दर आठवड्याला येते. आमच्या पहिल्या वर्षी आम्हीही तसंच धरून चाललो होतो आणि दुपारी चारची फेरी काढली होती. चारला बाजारात शिरलो तर प्लास्टिकच्या बादल्या, पायमोजे आणि मान टाकलेल्या तांबड्या भाजीच्या चार जुड्या तेवढ्या उरलेल्या. गावांतून आलेल्या बायका माल खपला की बस पकडतात, पर्यटकांसाठी थांबत नाहीत. त्या दिवशी सगळ्यांचे पैसे परत केले आणि तेव्हापासून सकाळ पक्की.

बाजार वाचायचा कसा

म्हापसा हे बारदेस तालुक्याचं ठाणं, पणजीपासून १३ किलोमीटरवर. दुकानं आठवडाभर चालू असतात, पण शुक्रवारी आसपासच्या गावांतून, पेडणे-डिचोलीकडून आणि सीमेपलीकडच्या सिंधुदुर्गातूनही माल येतो आणि आवाराबाहेरचे रस्तेही बाजारच होतात. आवार बांधलं १९६० च्या सुमारास, म्हणजे गोवा मुक्त होण्याच्या जेमतेम आधी, पोर्तुगीज अमदानीत. नवखा माणूस पहिल्या दहा मिनिटांत वाट चुकतो. चुकलात तर जागच्या जागी उभे राहा, आम्ही शोधत येतो.

आता आमच्या धंद्यातलं एक गुपित. कोबी, फ्लॉवर, टोमॅटो उंच रचलेले दिसतात, ते बहुतेक बेळगावकडून येतात. त्यांत वाईट काही नाही, पण ते तुम्हाला पुण्यातही मिळतात. नजर खाली ठेवा. जमिनीवर गोणपाट अंथरून, पुढ्यात दोन टोपल्या घेऊन बसलेली बाई दिसली की थांबायचं. तिच्याकडे सात शिरांची लांबलचक फिकट हिरवी भेंडी असते, आळसांदे म्हणजे इथली टपोरी चवळी असते, परसातली आंबटढाण बिंबलं असतात, कधी नुसती पाच-सहा अंडी आणि एक पपई. हा माल किलोवर नाही, वाट्यावर विकतात. तिने लावलेला ढीग म्हणजे एक वाटा. त्यातलं एक काढून दुसरं ठेवायचं नसतं. घ्यायचा तर अख्खा वाटा घ्या, नाहीतर राहू द्या.

कोंकणीतलं एक वाक्य पाठ करून या: "हें खंयचें?" म्हणजे हे कुठलं? उत्तरात गावाचं नाव आलं, तर पुढच्या पाच मिनिटांच्या गप्पा तुमच्या. मराठी सगळ्यांना समजते, काळजी नको.

सारखे शब्द, वेगळे पदार्थ

महाराष्ट्रातून येणाऱ्यांची गंमत इथेच होते. आमच्याकडची पोळी चपाती नसते. ती कोंड्यासकट गव्हाच्या पिठाची, आतून पोकळ, गोल भाकरीसारखी दिसणारी पावाची जात. पावभाजी मागितलीत तर तव्यावर लोण्यात ठेचलेली लाल भाजी येणार नाही. वाटीत पातळ भाजी येईल, वाटाण्याची नाहीतर चण्याची, ओल्या खोबऱ्याच्या वाटणातली, आणि शेजारी पाव. त्यात सुकी बटाटा भाजी घालून हवी असेल तर "मिक्स" म्हणायचं. सोबत मिरची भजी, नाहीतर बन्स. बन्स म्हणजे पिकलेलं केळं घालून मळलेल्या पिठाची, फुगलेली, किंचित गोड पुरी. आमचा दुसरा थांबा हाच, आणि बरेच जण तिथेच मुक्काम करायचं म्हणतात.

मासळीतही तसंच. तुमची सुरमई इथे इसवण, तुमचा जवळा इथे गालमो.

पाव

पावाशी आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळतो, कारण गोव्याची सकाळ त्यानेच उजाडते. पोर्तुगिजांबरोबर पाव आला, पण इथे यीस्ट कुठलं? मग माडाची सूर, म्हणजे माडी, घालून पीठ आंबवायला लागले. आता सूर घालणारे थोडे उरलेत, बहुतेक जण यीस्टच वापरतात. पाव भाजणारा तो पदेर. तो सकाळ-संध्याकाळ सायकलला टोपली बांधून, रबरी भोंगा वाजवत दारावरून जातो. तुमच्या हॉटेलच्या खिडकीतून पहाटे जो पाँ-पाँ आवाज आला, तो त्याचा.

टोपलीत चार-पाच जाती असतात. मऊ चौकोनी पाव सगळ्यांना माहीत. उंडो गोल, वरून कडक, मधोमध चीर. कातरो फुलपाखरासारखा. कांकण खरोखरच बांगडी, इतकं कडक की चहात बुडवल्याशिवाय दातांना दाद देत नाही. आम्ही उंडो हातात देतो आणि सांगतो, आधी नुसता खा. सालीचा तुकडा तोडला की बारीक चर्र आवाज येतो आणि आतून वाफ निघते. तो आवाज आला नाही तर उंडो कालचा आहे, परत द्या. आम्हीही देतो.

चोरीस, सुकी मासळी आणि बाकीचं

बाजारात माळा लटकलेल्या दिसतील, तपकिरी-लाल, मण्यामण्यांच्या. ते चोरीस. डुकराचं मांस सुरेच्या विनागरात आणि लाल मिरचीत मुरवून, आतड्यात भरून, गाठी मारून वाळवलेलं. हे स्पष्ट लिहितो, कारण एकदा एका पाहुण्यांनी खाऊन झाल्यावर विचारलं होतं. चोरीसपाव आम्ही मागितल्याशिवाय कोणाच्या हातात देत नाही. चव आंबट-तिखट आणि धुरकट, आणि वास दिवसभर बोटांना राहतो.

सुक्या मासळीची रांग नाक धरून ओलांडायची नसते. तिथली एखादी बाई आम्हाला सुंगटं, म्हणजे कोळंबी, दाखवते. चांगलं सुकं सुंगट बोटांत मोडलं तर कटकन तुटतं, वाकलं तर त्यात ओल राहिली आहे. जेवणात याचंच किसमूर असतं. सुंगटं भाजून, चुरून, ओलं खोबरं, कांदा आणि कोकमाच्या आगळाबरोबर कालवलेली. मासे न आवडणाऱ्या एका काकूंनी दोनदा मागून घेतलं होतं.

गोडात माडाच्या गुळाचे काळपट पिरॅमिड चाखतो. उसाच्या गुळापेक्षा हा कमी गोड, थोडा खारट, शेवटी जळक्या साखरेची छटा. मग दोदोल आणि बेबिंक. बेबिंक थरांचं, एकेक थर वरून विस्तव ठेवून भाजलेला, म्हणून करायला अर्धा दिवस जातो. त्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात अंड्याचा पिवळा बलक भरपूर असतो, शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं. दोदोल मात्र तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गूळ एवढ्याचाच, तो बिनधास्त खा.

शेजारच्या मयडे गावची केळी दिसली तर आम्ही थांबतोच. हातभर लांब, पिवळीधमक, एक खाल्लं की न्याहारी झाली. मयडेकरांच्या भोळेपणाच्या गोष्टी गोवाभर सांगतात. त्या ऐकायच्या तर चालता चालता विचारा, इथे लिहून गावकऱ्यांचा रोष कोण ओढवून घेईल.

कोणत्या महिन्यात काय

मार्च ते मे हा आमचा लाडका काळ. काजूची बोंडं तुडवून काढलेला रस म्हणजे नीरो. तो ताजाच प्यायचा असतो, दुपारपर्यंत आंबायला लागतो. तो आंबवून एकदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हुर्राक फक्त याच मोसमात मिळतो. लिंबाचा सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून एक छोटा ग्लास देतो. गोव्यात दारूसाठी वयाची अट २१ आहे, आम्ही ओळखपत्र बघतो, त्यात राग मानू नका. बाटली घरी न्यायची तर परवान्याचं दुकानातच विचारून घ्या, सीमेवर तपासणी असते.

मानकुराद आंबाही तेव्हाचाच. नाव पोर्तुगीज 'मालकोरादो'वरून, म्हणजे रंग धड नसलेला. रंगावर जाऊ नका. हापूसशी तुलना करून वाद घालायचा असेल तर जेवणानंतर घालू, आमची तयारी आहे.

मे महिन्यात पुरुमेंताची फेस्त. पावसाळ्याची बेगमी म्हणजे पुरुमेंत, शब्द पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतो'चा. मिरच्या, सोलं, चिंच, कांद्याच्या वेण्या, खारवलेली मासळी, सगळं एका जागी. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, म्हणून ही साठवण. या दोन महिन्यांत फेरीत समुद्रातली ताजी मासळी कमी आणि पावसाळी पालेभाज्या जास्त. काहींना हेच आवडतं.

चवथीच्या आधीच्या दिवसांत माटोळीचा बाजार भरतो. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं बांधतात, ती माटोळी. कांगण्या, सुपारीची शिपटी, तोरिंगं, नारळाचा घड. त्यातलं बरंचसं खायचं नसतं, पण बघायला या. गर्दी प्रचंड असते, म्हणून त्या आठवड्यात गट चार जणांचाच.

चव फुकट नसते

प्रत्येक घासाचे पैसे आम्ही विकणाऱ्याला देतो, तुमच्या शुल्कातून. हे आम्ही मुद्दाम करतो. दर शुक्रवारी आठ माणसं येऊन फुकट चाखून, फोटो काढून गेली, तर तिसऱ्या शुक्रवारी ती बाई टोपलीवर फडकं टाकेल, आणि बरोबरच करेल.

फोटो विचारून काढा. आंबे दाबून बघू नका, देठाशी वास घ्या. घासाघीस करा, पण दहा-वीस रुपयांच्या भाजीच्या जुडीवर नको. मासळीच्या ओट्यावर मात्र जरूर करा, नाही केलीत तर बाईंनाच चुकल्यासारखं वाटतं.

शाकाहारी, पथ्यपाणी, मुलं

शाकाहारी असाल तर नोंदणीतच सांगा. मासळी आणि चोरीसच्या जागी वेगळे थांबे आहेत, जेवणात खतखतं (मिसळीच्या भाज्यांचं) किंवा मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची आमटी) आणि सोलकढी. कांदा-लसूण नको असेल तर दोन दिवस आधी कळवा, तसं जेवण घरूनच करून आणावं लागतं. नारळ आणि काजू जवळजवळ सगळ्यात असतात. त्यांची ॲलर्जी असलेल्यांना आम्ही ही फेरी घेऊ नका असंच सांगतो. शेंगदाणा टाळता येतो.

आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना शुल्क नाही. बाबागाडी आणू नका, गल्ल्यांत शिरत नाही.

पैसे आणि वेळ

माणशी १,४०० रुपये, त्यात चाखणं आणि जेवण आलं. खरेदी तुमची तुम्ही. सुटे पैसे जवळ ठेवा, सगळीकडे क्यूआर कोड नसतो. एका गटात आठच जण. आदल्या दिवशी दुपारपर्यंत रद्द केलंत तर पूर्ण पैसे परत, त्यानंतर निम्मे. पावसामुळे फेरी रद्द होत नाही, छत्री आणा. पायांत घट्ट चपला हव्यात, मासळीपाशी जमीन ओली असते.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघून त्याच सकाळी फेरी गाठायचा बेत करू नका. थिवी स्टेशन जवळ असलं तरी गाडीचा भरवसा नाही. गुरुवारी संध्याकाळपर्यंत पोचा.

आणि कापडी पिशव्या दोन आणा. चोरीसची माळ घेतलीत तर तिला वेगळी पिशवी, नाहीतर मुंबईला पोचेपर्यंत तुमच्या उंड्यांनाही तोच वास लागलेला असेल.