लोकांच्या मालकीची वीज कुठून आली

१९७३च्या तेलसंकटाने डेन्मार्कला पुरतं कोंडीत पकडलं. देशाची सुमारे ९० टक्के ऊर्जेची गरज तेलावर भागत होती आणि ते जवळजवळ सगळं बाहेरून येत होतं. सरकारची नजर अणुवीजेकडे वळली. अणुभट्ट्या नको असलेले लोक पवनचक्क्यांकडे वळले. त्यांना पाटी कोरी मिळाली नव्हती. पॉल ला कूर या शिक्षकाने आस्कोव्हच्या लोकशाळेत १८९१मध्येच वाऱ्यावर वीज करून पाहिली होती आणि योहानेस यूल यांची गेडसरची २०० किलोवॅटची चक्की १९५७पासून दहाएक वर्षं चालली होती.

यूल यांच्याच धर्तीवर क्रिस्टियन रीसेअर या सुताराने सत्तरच्या दशकात घराच्या आवारात २२ किलोवॅटची चक्की उभी केली. ट्विंडच्या शाळेतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी, हौशी मदतनीसांना हाताशी धरून, पन्नास मीटरहून उंच चक्की बांधली. ती १९७८मध्ये फिरू लागली आणि चाळीस वर्षांनंतरही वीज देत होती. जर्मनीने मात्र थेट ३ मेगावॅटची ग्रोव्हियान उभारली. १९८३ची ही सरकारी पैशांतली चक्की १९८७मध्ये बंदच पडली. छोटं बांधा, मोडलं तर दुरुस्त करा, मग थोडं मोठं करा, हा डॅनिश क्रम टिकला.

तरी माझ्या मते खरा शोध यंत्रापेक्षा मालकीच्या रचनेचा होता. शेजारीपाजारी भागभांडवल घालून एक चक्की घेत, वीज सार्वजनिक वीजजाळ्यात (ग्रिडमध्ये) सोडत आणि उत्पन्न वाटून घेत. कोपनहेगनजवळच्या समुद्रात २००० साली उभ्या राहिलेल्या मिडलग्रुंडेनच्या २० चक्क्यांपैकी निम्म्या आठ हजारांहून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेच्या होत्या. जर्मनीतल्या शोनाऊ गावात १९८६च्या चेर्नोबिल अणुदुर्घटनेनंतर एकत्र आलेल्या पालकांनी तर दोन सार्वमतं जिंकून १९९७मध्ये गावाचं वीजजाळंच ताब्यात घेतलं.

याकडे अभ्यासकांचं लक्ष उशिरा गेलं. गिल सेफँग आणि एड्रियन स्मिथ यांनी २००७मध्ये ‘तळागाळातील नवोपक्रम’, म्हणजे सामान्य लोकांनीच खालून घडवलेले नवे प्रयोग, ही चौकट मांडली, तोवर चक्क्यांचा मोठा उद्योग झाला होता.

नुसत्या उत्साहावर हे चाललं नाही. जर्मनीच्या २०००च्या कायद्याने वीस वर्षांचा ठरावीक खरेदीदर दिला आणि सहकारी संस्था फोफावल्या. पुढे ठरावीक दराच्या जागी कमी दर मागणाऱ्याला प्रकल्प देणारे लिलाव आले, तेव्हा छोट्यांची दमछाक झाली. ब्रिटनने २०१०मध्ये दिलेली खरेदीदराची हमी २०१९मध्ये नव्या प्रकल्पांसाठी बंद केली. युरोपीय संघाने २०१८च्या निर्देशात अशा ‘ऊर्जा समुदायां’ना प्रथमच कायदेशीर ओळख दिली, ती प्रत्यक्षात आणायचं काम सदस्य देशांवर सोपवलं.