लहान पेटी, मोठा आवाज: घरगुती स्टिरिओ आजच्या आकाराला कसा आला

नाशिकमध्ये घरासाठी छोटी म्युझिक सिस्टिम घ्यायला निघालं की एम. जी. रोडवर दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, ‘किती वॅटची दाखवू?’ हा प्रश्न आला कुठून, हे कळलं तर निवड बरीच सोपी होते.

१९५०च्या सुमारास घरात भरघोस खर्ज ऐकायचा तर स्पीकरची पेटी कपाटाएवढी लागायची. खर्जाला स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्यानं भरपूर हवा हलवावी लागते आणि लहान पेटीत कोंडलेली हवा त्याला अडवते. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर विल्चर यांनी ही अडवणूकच कामाला लावली. पेटी हवाबंद केली, पडद्याची बैठक मुद्दाम सैल ठेवली आणि त्याला जागेवर आणायचं काम आतल्या हवेकडे दिलं. पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीतून स्वच्छ खर्ज ऐकू येऊ लागला. त्याची किंमत मात्र विजेत मोजावी लागली. पुढे अँटन हॉफमन यांनी हा हिशेब नियमात बसवला: लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींतले दोनच पदरात पडतात. एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा दहा डेसिबलनं मंद असेल, तर तेवढ्याच आवाजाला त्याला दसपट वॅट लागतात. वॅटचं महत्त्व वाढलं ते इथून. ट्रान्झिस्टरनं हे वॅट स्वस्त केले आणि १९६२ मध्ये केएलएच कंपनीचा अख्खा स्टिरिओ सूटकेसमध्ये मावला.

स्टिरिओची, म्हणजे डावीकडून आणि उजवीकडून वेगवेगळा आवाज ऐकवायची कल्पना त्याहून जुनी. इंग्लंडमधल्या अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्येच तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरायची युक्ती त्यात होती. अशा तबकड्या बाजारात सर्रास येईपर्यंत १९५८ उजाडलं.

म्हणजे नाशिकमध्ये जन्मलेले गायक डी. व्ही. पलुसकर यांना स्टिरिओ तबकडी गाठता आली नाही. ते १९५५ मध्ये गेले. त्यांच्या तबकड्या मोनोच, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज. प्रामुख्यानं असं जुनं गाणं ऐकणाऱ्यानं डाव्या-उजव्याच्या जादूसाठी पैसे ओतू नयेत. तिथे मधल्या पट्टीतला आवाज मोकळा आणि खरा लागणं जास्त मोलाचं, आणि माझ्या मते एकच चांगला स्पीकर त्याला पुरतो.

आपल्याकडे स्टिरिओ सावकाश आला. साध्या रेडिओलाही पोस्टातून परवाना काढावा लागे, ते बंधन १९८०च्या दशकात गेलं. फिलिप्सनं १९६३ मध्ये आणलेली कॅसेट मात्र घराघरांत शिरली. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून दुकानात द्यायची, साठ की नव्वद मिनिटांची ते सांगायचं आणि चार दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची. बाजू संपताना गाणं मध्येच तुटायचं, तरी रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेल्या टू-इन-वनभोवती सगळं घर बसायचं.

१९९१ नंतर परदेशी मिनी सिस्टिम आल्या आणि त्यांच्याबरोबर पीएमपीओ, म्हणजे क्षणिक कमाल ताकदीचा आकडा आला. दर्शनी भागावर चमकदार स्टिकर ‘२४०० वॅट’ म्हणायचं आणि मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत विजेचा वापर साठ-सत्तर वॅट छापलेला असायचा. जेवढी वीज आत जाते त्याहून जास्त आवाज सलग बाहेर येणं शक्यच नाही. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य पद्धतच नव्हती, क्षणभराच्या उसळीवरून हवा तो आकडा लावता येई. गिऱ्हाइकाची ही फसवणूकच होती, आणि तिच्यामुळे एक पिढी आकडा बघून आवाज निवडायला शिकली.

आताचे डिजिटल अ‍ॅम्प्लिफायर तळहाताएवढे असतात आणि फारसे तापतही नाहीत. त्यांच्यामुळे सगळं एका ब्लूटूथ नळकांड्यात मावलं. पण दोन स्पीकरमधलं अंतर गेलं आणि स्टिरिओचा जीवही गेला.

म्हणून नाशिकच्या सिडकोतल्या दहा-बारा फुटी हॉलसाठी मी दोन सुट्या पेट्यांचाच आग्रह धरीन. आरएमएस, म्हणजे सलग मिळणाऱ्या ताकदीचा आकडा बघा; दर बाजूला वीस-तीस वॅट पुष्कळ होतात. दोन पेट्यांमध्ये पाच-सहा फूट ठेवा आणि साधारण तेवढ्याच अंतरावर समोर बसा. कोपऱ्यात खुपसल्या तर खर्ज फुगतो आणि शब्द बुडतात. दुकानात त्यांच्या ढणढणाटी गाण्यावर भुलू नका. पाठ असलेलं गाणं मोबाइलमध्ये न्या, आवाज बेताचा ठेवायला सांगा आणि तंबोरा, तबल्याचा डग्गा आणि गाणाऱ्याचा श्वास वेगवेगळे ऐकू येतात का ते बघा.