दोन तोळे सोने आणि दीड एकर रान

कोल्हापूरच्या गुजरीत सोनाराच्या दुकानातला केरही वाया जात नाही. कानस मारताना उडालेले सोन्याचे कण त्या धुळीत मिसळलेले असतात आणि झारेकरी ती धूळ धुऊन, गाळून, आटवून त्यातून सोने वेगळे काढतात. कण कितीही बारीक असला तरी झारेकऱ्याच्या हाती येते ते सोनेच, पिवळे आणि १०६४ अंश सेल्सिअसला वितळणारे. पण याच्याही हजारो पटींनी लहान, मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात म्हणजे नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतील असे कण केले, तर ते कमी तापमानाला वितळू लागतात आणि त्यांचा पिवळा रंगही जातो. दहा-वीस नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात पसरले की ते पाणी माणकासारखे लाल दिसते. ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी लंडनमध्ये १८५७ साली या लाल सोन्याचा अभ्यास मांडला होता. आज कोल्हापूरच्याच शिवाजी विद्यापीठात नॅनोविज्ञानाचा स्वतंत्र अधिविभाग आहे.

एवढा बदल होण्याचे एक कारण साध्या हिशेबात सापडते. एक सेंटिमीटर बाजूचा सोन्याचा घन १९.३ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ दोन तोळ्यांचा भरतो आणि त्याचा पृष्ठभाग अवघा सहा चौरस सेंटिमीटर असतो. त्याच घनाचे एकेक नॅनोमीटरचे तुकडे केले, तर त्या सर्वांचा मिळून पृष्ठभाग ६००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर होईल. वजन तेच राहते, मात्र आत दडलेले बहुतेक अणू बाहेरच्या बाजूला येतात आणि ज्या रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडतात त्यांना मोठे रान मोकळे होते. रंगाचे कारण वेगळे आहे. कणातील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाटेबरोबर एकत्र झुलू लागतात, त्यात हिरवा प्रकाश शोषला जातो आणि आपल्या डोळ्यांपर्यंत लाल पोहोचतो.

हे लाल सोने आपल्यापैकी अनेकांनी नकळत हाताळले आहे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गर्भचाचणीच्या बऱ्याच पट्ट्यांमध्ये उमटणारी लालसर रेघ याच कणांची असते. पट्टीच्या एका टोकाला लघवीचे थेंब पडले की ओल पुढे सरकते आणि वाटेत सुकवून ठेवलेले सोन्याचे कण तिच्याबरोबर वाहू लागतात. या कणांवर प्रतिपिंडे, म्हणजे ठरावीक रेणूलाच पकडणारी प्रथिने, चिकटवलेली असतात. लघवीत गर्भधारणेचे संप्रेरक असेल, तर ती प्रतिपिंडे ते पकडतात. पुढे ठरावीक जागी बसवलेली दुसरी प्रतिपिंडे त्याच संप्रेरकाला दुसऱ्या बाजूने धरतात, कण तिथेच अडकतात आणि असंख्य कण एका ओळीत साचले की रेघ दिसते. संप्रेरक नसेल, तर कण तिथे न थांबता पुढे निघून जातात. कोविडच्या काळातील घरगुती चाचणीमागेही हीच युक्ती होती. वीज नाही, यंत्र नाही, अशा कोणत्याही वाडीवस्तीवर काही मिनिटांत उत्तर देणारी ही पट्टी मला या तंत्रज्ञानाचे सर्वांत उपकारक फळ वाटते.

आकारानुसार रंग बदलणाऱ्या अर्धवाहक (सेमीकंडक्टर) कणांच्या, म्हणजे क्वांटम डॉट्सच्या संशोधनाला २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हे कण आता टीव्हीच्या पडद्यांतही वापरले जातात. कोविडच्या एमआरएनए लसींमधील नाजूक रेणू पेशीपर्यंत पोहोचवले तेही चरबीच्या अतिसूक्ष्म कणांनी.

ऊस पिकवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात मात्र 'नॅनो' हा शब्द शेतकऱ्याला भेटतो तो खताच्या बाटलीवर. इफको या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेने २०२१ मध्ये आणलेल्या नॅनो युरियाच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत सुरुवातीला चार टक्के, म्हणजे सुमारे २० ग्रॅम नत्र होते, तर युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ते २० किलोहून अधिक असते. पानावर फवारलेले नत्र वाया कमी जाते, हे खरे आहे. पण आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या, उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी जवळजवळ आठ पोती युरिया लागतो. पिकाला नत्र लागते ते किलोने, आणि कण लहान केल्याने त्यातील नत्राचे अणू वाढत नाहीत. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या चाचण्यांत नेहमीच्या नत्रात कपात करून नॅनो युरिया फवारल्यावर भात आणि गव्हाचे उत्पादन घटल्याचे आढळले. म्हणून ज्यांना ही बाटली वापरून पाहायची असेल, त्यांनी जमिनीतून द्यायची मात्रा एकदम तोडू नये. आधी चार-सहा सऱ्यांतच कपात करून तिथे फवारणी करावी, शेजारच्या तितक्याच सऱ्यांना नेहमीची पूर्ण मात्रा द्यावी आणि तोडणीच्या वेळी दोन्हींकडच्या उसाचे वेगवेगळे वजन करावे.