कानपूरच्या भंगारातून लोहगावच्या धावपट्टीवर: जुनी युद्धविमाने वाचली ती कशी

३१ डिसेंबर १९६८ रोजी भारतीय हवाई दलाने आपली शेवटची बी-२४ लिबरेटर विमाने सेवेतून काढली. चार इंजिनांचे हे अमेरिकी बॉम्बफेकी विमान दुसऱ्या महायुद्धात अठरा हजारांहून जास्त संख्येने बनले. युद्ध संपल्यावर इतर देशांनी मात्र ते झपाट्याने मोडीत काढले. भारतात ते पुढे वीस वर्षे उडत राहिले, आणि त्यातली बरीच वर्षे आपल्या पुण्याच्या लोहगावला. तिथले सहावे स्क्वाड्रन या विमानांतून समुद्रावर लांब पल्ल्याची टेहळणी करत असे.

जुनी लष्करी विमाने आणि गाड्या पुन्हा चालत्या करण्याचा छंद आज अमेरिका-ब्रिटनमध्ये मोठा आहे, आपल्याकडेही हळूहळू वाढतो आहे. त्या छंदाची गोष्ट बहुतेक वेळा श्रीमंत संग्राहकांपासून सुरू होते. मला ती कानपूरपासून सुरू करावीशी वाटते, कारण संग्राहकाच्या हातात यंत्र पडण्याआधी ते कुणीतरी जिवंत ठेवलेले असावे लागते.

ब्रिटिश हवाई दलाला लिबरेटर विमाने अमेरिकेकडून उसनवारीच्या करारावर मिळाली होती. युद्धानंतर ती एकतर परत करायची, नाहीतर नष्ट करायची, अशी अट होती. भारतातल्या तुकड्यांची विमाने कानपूरजवळ चाकेरीला गोळा झाली आणि तिथेच ती निकामी करण्यात आली. यंत्रफलक फोडले, इंजिनांत वाळू ओतली, असे सांगितले जाते. नंतर पाहणीला आलेल्या परदेशी तज्ज्ञांनी ही विमाने पुन्हा उडणे शक्य नाही असा निर्वाळा दिला, हेही त्या हकिकतीत नेहमी येते.

१९४८ साल होते. काश्मीरचे युद्ध चालू होते आणि नव्या देशाकडे अवजड बॉम्बफेकी विमान एकही नव्हते. काम सोपवले गेले बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टकडे. हा कारखाना डिसेंबर १९४० मध्ये उभा केला तो मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याने तिथे आपला दुरुस्ती डेपो चालवला होता, त्यामुळे अमेरिकी विमाने उघडून जोडण्याची सवय तिथल्या कारागिरांच्या हाताला आधीच लागलेली होती. शिवाय लिबरेटरचे चौदा सिलिंडरचे प्रॅट अँड व्हिटनी इंजिन हे डकोटा या मालवाहू विमानाच्या इंजिनाचेच भावंड, आणि डकोटा तर आपल्याकडे रोजच्या वापरात. इथला फिटर त्या इंजिनाला पाहुणा नव्हता. तज्ज्ञांच्या अहवालात न दिसलेली गोष्ट ती हीच असावी, असे मला मनापासून वाटते.

कानपूरला एका विमानाचे धड, दुसऱ्याचा पंख, तिसऱ्याचे चाक असे करत विमाने जेमतेम उडण्याजोगी केली गेली. कारखान्याचे मुख्य चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी ती बंगळूरला नेत. पुरी डागडुजी तिथे व्हायची. जिला सुरक्षित म्हणता येणार नाही अशी वस्तू मोठ्या विश्वासाने हवेत न्यायची, आणि हे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. नोव्हेंबर १९४८ मध्ये पाचवे स्क्वाड्रन या विमानांवर उभे राहिले, मग सोळावे आणि सहावेही. भंगारातून उठलेल्या विमानांची संख्या चाळीसच्या आसपास गेली.

यात छंदाचा भाग शून्य होता. गरज होती. पण १९६८ मध्ये ती विमाने निवृत्त झाली तेव्हा जगभरच्या संग्रहालयांच्या लक्षात आले की धड अवस्थेतली लिबरेटर हवी असतील तर भारताकडेच जावे लागेल. कॅनडाने लायसँडर हे जुने विमान नीट करून आपल्याला दिले आणि बदल्यात लिबरेटर घेतले. ते लायसँडर आज दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. १९६९ मध्ये एक विमान ॲरिझोनाला टूसॉनच्या संग्रहालयासाठी उडत गेले. १९७४ मध्ये एक ब्रिटनला गेले.

छंदाच्या जगात सर्वांत गाजले ते भारतात तेरा वर्षे पडून असलेले विमान. १९८१ मध्ये ब्रिटिश संग्राहक डग अर्नोल्ड यांनी ते विकत घेऊन, सुटे करून मायदेशी नेले. १९८४ मध्ये अमेरिकेच्या बॉब कॉलिंग्ज यांनी त्यांच्याकडून घेतले. मूळ बेत ते नुसते प्रदर्शनात ठेवण्याचा होता. युद्धात ही विमाने चालवलेल्या म्हाताऱ्या सैनिकांनी ते उडायलाच हवे असा आग्रह धरला. मग पाच वर्षे खपून एकेक रिव्हेट, नळी, तार तपासली, बदलली आणि सप्टेंबर १९८९ मध्ये ते उडाले. उडण्याजोगी लिबरेटर जगात बराच काळ दोनच मानली जात, त्यातले हे एक.

दुसरे टेक्ससमधल्या हौशींचे. १९५७ मध्ये लॉइड नोलन आणि त्यांच्या मित्रांनी एक मस्टँग लढाऊ विमान विकत घेतले, आणि मग त्यांना कळले की बाकीच्या जातींची विमाने कोणीच जपत नाही, सगळी भट्टीत चालली आहेत. त्यातून संघटना उभी राहिली. उडवायचे की जपायचे हा वाद या छंदात तेव्हापासून आहे. २०१९ मध्ये कॉलिंग्ज संस्थेचे बी-१७ हे जुने बॉम्बफेकी विमान कोसळून सात जण गेले, तेव्हा तो फार कडवट झाला. उडते विमान पाहण्याचा आनंद मी समजू शकतो, पण त्या सात जणांपुढे तो मांडायचे धाडस मला होत नाही.

विमान हा कोट्यवधींचा खेळ आहे. आपल्याकडे सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आली ती जीप. युद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. लष्कराच्या लिलावांतून त्या शेतकऱ्यांकडे, ठेकेदारांकडे गेल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू केली, त्यामुळे सुटे भाग आणि ते ओळखणारे मिस्त्री गावोगाव तयार झाले. पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी मूळचे २.२ लिटरचे इंजिन काढून डिझेल बसवले. जीपच्या वंशातल्या गाड्यांनी पुढे सातारा-सांगलीकडे वडाप (माणसे गोळा करून होणारी खासगी प्रवासी वाहतूक) केले, ऊस तोडणीची माणसे नेली. वापर होता म्हणून गाडी राहिली, आणि वापरानेच तिचे मूळ रूप गेले.

मूळ रूप शोधणे हेच या छंदातले खरे काम. फोर्डने आपल्या जीपच्या बोल्टच्या डोक्यावरही इंग्रजी ‘एफ’ अक्षर उठवले होते. एका गॅरेजमध्ये मिस्त्रींनी रॉकेलमध्ये भिजवलेला असा बोल्ट चिंधीने पुसून माझ्या तळहातावर ठेवला. तांबूस गंजाखाली ते अक्षर नखाला लागत होते. मग त्यांनी रेडिएटरखाली हात घालायला लावले: चेसिसची पुढची आडवी पट्टी गोल नळीची असेल तर विलिस, चौकोनी असेल तर फोर्ड. ही गाडी बाहेरून विलिस म्हणून विकली गेली होती, चेसिस फोर्डची निघाली. अशा मिश्र गाड्याच जास्त सापडतात, कारण लष्कराच्या वर्कशॉपमध्येही हाताला येईल तो भाग लागत असे.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा अशी त्यात अट आहे. म्हणजे डिझेल इंजिनाने ज्या जीपला पन्नास वर्षे जगवले, तीच त्या इंजिनामुळे अडते. नियमामागचा हेतू मला पटतो, तरी या गाड्यांच्या इतिहासाला त्यात जागा हवी होती.

अहिल्यानगरला (अहमदनगरला) १९९४ पासून लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. मुलांना तिथे जरूर न्यावे. गोव्यात बोगमाळोजवळ नौदलाच्या संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे. हे त्याच जातीचे विमान, जे लोहगावच्या सहाव्या स्क्वाड्रनमध्ये लिबरेटरच्या जोडीला आले आणि १९७६ मध्ये नौदलाकडे गेले. खाऱ्या वाऱ्यात आणि गोव्याच्या पावसात ॲल्युमिनियमचा पत्रा आतून पांढऱ्या भुकटीसारखा होत जातो, आणि वरचा रंग ते बराच काळ दिसू देत नाही. विक्रांत या युद्धनौकेचे तर मुंबईत वर्षानुवर्षे तरंगते संग्रहालय होते, ती २०१४ मध्ये दारूखान्याच्या जहाजतोडणी गोदीत तोडायला घेतली.

परदेशी गेलेल्या आपल्या लिबरेटरना आज तिथले रंग आहेत. कॉलिंग्जच्या विमानावर अमेरिकी खुणा, लंडनच्या विमानावर ब्रिटिश. अमेरिकेत ती जेमतेम जन्मली, ब्रिटिशांकडे काही महिने राहिली आणि भारतात वीस वर्षे उडाली. पालमच्या संग्रहालयात मात्र एचई ९२४ क्रमांकाचे लिबरेटर आहे. त्याचे बॉम्बकक्षाचे दरवाजे दुकानाच्या शटरसारखे गुंडाळत वर जाणारे आहेत, आणि अंगावर हवाई दलाचे तिरंगी वर्तुळ आहे.