गलाई बांधवांचे परभाषिक वास्तव्य

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ आणि साताऱ्यातील माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी हजारो माणसे बाहेर पडली. विटा हे या धंद्याचे माहेर. तमिळनाडू, केरळ, बंगाल, पंजाबपासून नेपाळपर्यंत गलाईची दुकाने आहेत. परक्या भाषेत आणि रीतिभातींत ही माणसे कशी रुळतात, हा या नोंदीचा विषय.

नव्या समाजात गेल्यावर माणूस बावरतो, चिडतो, घरच्या आठवणीने हैराण होतो. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५४ मध्ये रिओ दि जानेरो येथील व्याख्यानात या 'कल्चर शॉक'चे, म्हणजे सांस्कृतिक धक्क्याचे, टप्पे मांडले: आधी भुरळ, मग वैताग, नंतर सावरणे आणि शेवटी रुळणे. गलाईला गेलेल्या पोराच्या वाट्याला भुरळीचा टप्पा क्वचितच येतो. भट्टीची धग आणि तेजाबाचा धूर पहिल्या दिवसापासूनच. पण तो एकटा नसतो. चुलता, मामा किंवा गावकीतला कुणीतरी आधीच तिथे दुकान घालून बसलेला असतो आणि पोरगा त्याच्याच हाताखाली शिकतो. रात्री जेवताना मराठी कानावर पडते, त्यामुळे दिवसभराचा परकेपणा सोसतो.

भाषेचा वर्ग कुणी लावत नाही. उत्तरेत हिंदीवर निभावते. तमिळनाडू-केरळात मात्र ती फारशी कामाला येत नाही. तिथे आधी आकडे, मग वजन, टंच (सोन्याची शुद्धता), मजुरी आणि 'उद्या या' एवढे तोंडात बसते. वाक्ये सराफाशी घासाघीस करता करता येतात. लिपी शेवटी येते, पुष्कळांना येतच नाही. वजनाची मापेही बदलतात. महाराष्ट्रात व्यवहारातला तोळा १० ग्रॅमचा, तमिळनाडू-केरळातले पवन ८ ग्रॅमचे, तर बंगालची भरी आणि नेपाळचा तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा. व्याकरण चुकले तर लोक हसतात. माप चुकले तर पदरचे सोने जाते. म्हणून बोली कच्ची असली तरी धंद्यापुरते शब्द पक्के होतात.

हे शब्द पोलीस ठाण्यात अपुरे पडतात. मोडीसाठी आलेला दागिना चोरीचा निघाला, तर आटवणाऱ्यावर चोरीचा माल घेतल्याचा आरोप येऊ शकतो (पूर्वीचे भारतीय दंड संहितेचे कलम ४११, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७). माल कुणी, कधी, कोणत्या पावतीवर दिला हे तिथल्या भाषेत, तेही घाबरलेल्या अवस्थेत सांगावे लागते. अशा वेळी ओळखीचा स्थानिक सराफ किंवा गलाई संघटनेतला जुना माणूस दुभाषा होतो. परमुलखात संघटना हवी ती मुख्यतः यासाठी. गणेशोत्सव आणि शिवजयंती हा तिचा दिसणारा भाग.

दुकानातल्या पुरुषाला रोज चार माणसे भेटतात. मागाहून आलेल्या बायकोला बाजार, दवाखाना, शाळेची पालकसभा हे सगळे आधाराविना पेलावे लागते, म्हणून धक्क्याचा मोठा वाटा तिच्याकडे जातो, असे म्हणायला हरकत नाही. गावाकडच्या ज्वारीची भाकरी चुलीवर टिकते, पण सणांचे वेळापत्रक टिकत नाही: तमिळनाडूत दिवाळी मुख्यतः नरक चतुर्दशीची, केरळात मोठा सण ओणमचा. नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी आणि सरकारी कॅलेंडर विक्रम संवताचे. तिथे निदान पाट्या देवनागरीत असतात, आणि १९५० च्या करारामुळे भारतीयाला व्हिसा लागत नाही.

मुलांचे गणित उलटे असते. तमिळनाडूने १९६८ पासून द्विभाषा धोरण धरले आहे. तिथल्या सरकारी शाळेतला मुलगा तमिळ आणि इंग्रजी शिकतो, देवनागरी त्याच्या वाट्याला येत नाही. घरात तो माणदेशी बोली फाडफाड बोलतो, पण मराठी धडा त्याला वाचता येत नाही. कुटुंब परतले की याच मुलाला विट्यात किंवा दहिवडीत वरच्या वर्गात बसवतात. परतताना बसणाऱ्या या धक्क्याची गुलाहॉर्न या अभ्यासक दांपत्याने १९६३ मध्ये दखल घेतली होती. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाल्यापासून इंग्रजी माध्यमात घालूनही हा प्रश्न सहसा टळत नाही.