कोकणातलं कलाकेंद्र: वर्ग उघडा, भांडार बंद

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेल्या चित्रकथी, म्हणजे गोष्ट सांगताना दाखवायची चित्रं, कागदावर रंगवलेल्या आहेत आणि छायाबाहुल्या चामड्याच्या. दोन्ही बुरशीचं आवडतं खाद्य. अशा वस्तू सांभाळायच्या, मुलांना ती कला शिकवायची आणि आवारात देशी झाडांची रोपवाटिकाही चालवायची, असं केंद्र सिंधुदुर्गात उभारायचं तर आराखडा पावसापासूनच सुरू करावा लागतो. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्तच, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत.

भिंती जांभ्याच्या. खाणीतून निघतो तेव्हा हा दगड मऊ असतो, हवेवर कठीण होतो. पण सच्छिद्र असल्याने पाणी पितो. म्हणून जोतं निदान ६० सेंटिमीटर, छपराची वळचण भिंतीबाहेर मीटरभर आणि नैऋत्येला पडवी, कारण झड तिकडूनच येते. सिमेंटचा गिलावा टाळावा. आत शिरलेली ओल त्यातून सहज बाहेर पडत नाही आणि पापुद्रे सुटतात. त्यापेक्षा चुन्याचा गिलावा बरा. छपराला कौलंच बरी. पत्र्याखाली जुलैत शिकवणाऱ्याचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही. माकडं कौलं फोडणारच, तेव्हा जादा कौलं आणून ठेवावीत. बोरिक आम्ल आणि बोरॅक्सच्या द्रावणात मुरवलेला बांबू वाळवीला दाद देत नाही, पण ही रसायनं पावसात धुऊन जातात. असा बांबू छपराखालीच वापरावा.

१५० चौरस मीटर छपरावरून वर्षाला साडेतीन लाख लिटरच्या आसपास पाणी मिळतं. ते सगळं साठवण्यात अर्थ नाही. रोज ३०० लिटर धरले तर नोव्हेंबर ते मे या काळासाठी सुमारे ६५ हजार लिटरची टाकी पुरते. पहिल्या पावसाचे ३०० लिटर वेगळ्या पिंपात सोडावेत. पालापाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा त्यातच उतरते.

खरी कसोटी चित्रं आणि बाहुल्या ठेवायच्या भांडाराची. वर्ग वाऱ्याला मोकळा हवा, भांडाराला मात्र पावसाळ्यात तोच वारा घातक. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेतल्या ओलीचं प्रमाण, ६५ ते ७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते आणि जुलैत बाहेर ती ९० च्या आसपास असते. भांडार इमारतीच्या मधोमध घ्यावं, बाहेरच्या भिंतीला लागून नव्हे. फडताळं भिंतीपासून १० आणि जमिनीपासून १५ सेंटिमीटर दूर. ओल शोषणाऱ्या यंत्राचं पाणी नळीने थेट बाहेर काढावं, नाहीतर त्याची टाकी भरते आणि यंत्र रात्रीच बंद पडतं.

वीज जातेच, म्हणून भिस्त यंत्रावर नको. घट्ट झाकणाच्या पेट्या, आत ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे आणि एक छोटा आर्द्रतामापक. पेट्या जानेवारी-फेब्रुवारीत भराव्यात. जूनमध्ये भरल्या तर कागदातली ओलच आत कोंडली जाते.

चित्रं मांडताना प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आत ठेवावा. उत्तरेची खिडकी सुरक्षित, हा समज इथे अपुरा पडतो. १६ अंश अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. त्या खिडकीवरही छज्जा हवा.