जुन्याच सैन्यातून नवे युद्ध

1988 साली गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने 'अ‍ॅडेप्टस टायटॅनिकस' हा वॉरगेम, म्हणजे टेबलावर छोट्या मूर्ती मांडून नियमांनुसार लढाई खेळायचा खेळ, बाजारात आणला. इमारतींएवढी उंच युद्धयंत्रे, म्हणजे टायटन, एकमेकांशी झुंजतात असा त्याचा विषय. पेटीत प्लास्टिकचे सहा टायटन होते आणि सहाही एकाच घडणीचे, कारण पोलादी साचा महाग आणि पैसे एकाच साच्यापुरते होते. दोन्ही बाजूंची यंत्रे हुबेहूब सारखी, तर मग ती लढतात कोणाशी? रचनाकार जर्व्हिस जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर यादवीचा तोडगा काढला. कथेतल्या सम्राटाचा लाडका सेनापती होरस बंड करतो, साम्राज्याचे सैन्य दुभंगते आणि एकाच कारखान्यातून निघालेली यंत्रे एकमेकांवर तोफा डागतात. पुढच्याच वर्षी आलेल्या 'स्पेस मरीन' या खेळानेही हीच यादवी उचलली आणि दोन्हीकडे सारखेच शिपाई उभे केले.

'होरस हेरसी' या नावाने ओळखला जाणारा हा प्रसंग आज याच कंपनीच्या 'वॉरहॅमर 40,000' या अंतराळयुद्धाच्या खेळाच्या विश्वाचा कणा आहे. 2006 पासून त्यावर कादंबऱ्यांची लांबलचक मालिका निघाली, तर 2012 पासून स्वतंत्र नियमग्रंथ आणि मॉडेल येऊ लागली. एका साच्याच्या काटकसरीतून एवढे पुराण उभे राहिले.

खेळात भर घालणाऱ्या नव्या विस्तारसंचात जुनीच मॉडेल दिसली की खेळाडू नाराज होतात. कंपनीने हात आखडता घेतला, असे म्हटले जाते. कधी कधी ते खरेही असते. पण या छंदाचा इतिहास पाहिला, तर हाताशी असलेल्या मूर्तींना नवे काम देण्यातूनच तो वाढला, हे मान्य करावे लागते.

एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये 'लिटल वॉर्स'मधून घरच्या जमिनीवर खेळायच्या लढाईचे नियम मांडले, तेव्हा त्यासाठी वेगळे सैनिक कोणीच बनवत नव्हते. ब्रिटन्स कंपनीचे पोकळ शिशाचे सैनिक मुलांच्या खेळण्यांच्या दुकानात मिळत, तेच त्यांनी घेतले. पुढे 1959 पासून एअरफिक्सचे प्लास्टिकचे छोटे सैनिक स्वस्तात मिळू लागले. तेही खास वॉरगेमसाठी बनलेले नव्हते, पण खेळाडूंनी त्यांची डोकी कापून बदलली, टोप्या तासल्या, रंग बदलून एका देशाची पलटण दुसऱ्या देशाच्या सेवेत रुजू केली. प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांत तर हे आणखी सोपे होते. 1990 च्या 'डी बेलिस अँटिक्विटॅटिस' या नियमावलीत सैन्य म्हणजे अवघे बारा तुकडे. ढाल-भालेवाल्यांचे तेच तुकडे एका संध्याकाळी सॅक्सन म्हणून उतरत आणि दुसऱ्या संध्याकाळी व्हायकिंग म्हणून.

कल्पनारम्य लढाया तर अशा उसनवारीशिवाय सुरूच झाल्या नसत्या. 1971 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे 'चेनमेल' आले. मुळात ते मध्ययुगीन लढाईचे नियम होते, पण शेवटी जादूगार, ड्रॅगन आणि राक्षसांची पुरवणी जोडलेली होती. माझ्या मते या छंदातला सर्वांत परिणामकारक विस्तार तोच. बाजारात ड्रॅगनची मूर्ती जवळपास नव्हतीच, म्हणून गायगॅक्स यांनी प्लास्टिकच्या स्टेगोसॉरसचे रूप पालटून ड्रॅगन बनवला. स्वस्त खेळण्यांच्या पाकिटांतले विचित्र प्राणीही त्यांच्या टेबलावर आले. त्यांच्याच पुढच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळातला लोखंड गंजवून खाणारा रस्ट मॉन्स्टर अशाच एका खेळण्यावरून सुचला. आधी मूर्ती हातात आली, मग तिला नाव आणि नियम मिळाले.

'वॉरहॅमर'चा जन्मही असाच व्यवहारी होता. गेम्स वर्कशॉपशी संलग्न सिटाडेल कंपनी भूमिकानाट्याच्या, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र वठवायच्या, खेळांसाठी धातूच्या मूर्ती विकत असे, पण अशा खेळाला एक नायक आणि चार-दोन गॉब्लिन पुरतात. ब्रायन अ‍ॅन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रिस्टली यांच्या 1983 च्या नियमांनी त्याच मूर्तींची फौज उभी करायचे निमित्त दिले. 1987 च्या 'रोग ट्रेडर'ने, म्हणजे 'वॉरहॅमर 40,000'च्या पहिल्या आवृत्तीने, ऑर्क, एल्फ आणि ड्वार्फ हेच कल्पित वंश अंतराळात नेले. त्या काळी कंपनीच्या 'व्हाइट ड्वार्फ' मासिकाने डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून तरंगता रणगाडा कसा करायचा हेही शिकवले होते! तो मोकळेपणा मला आजही हवाहवासा वाटतो.

यामागचे अर्थकारण साधे आहे. धातूची मूर्ती फिरत्या रबरी साच्यात ओततात. तो साचा स्वस्त, त्यामुळे एकच नवा कप्तान काढणेही परवडते. प्लास्टिकसाठी पोलाद कोरावे लागते. सुरुवातीचा खर्च प्रचंड, नंतर प्रत्येक नग अगदी स्वस्त, म्हणून एका साच्याकडून जमेल तेवढे काम करून घ्यायचे. सुटे भाग जोडलेल्या एकाच प्लास्टिकच्या चौकटीत दोन-तीन प्रकारची डोकी आणि शस्त्रे देणे किंवा जुन्या पेटीला खांदे-चिलखतांची छोटी जोड-चौकट पुरवणे, या पद्धती त्यातूनच रुळल्या.

फँटसी फ्लाइट कंपनीच्या 'एक्स-विंग' या 'स्टार वॉर्स'मधल्या अंतराळ-विमानांच्या खेळामध्ये (2012) पुनर्वापराच्या दोन्ही बाजू दिसतात. 'मोस्ट वॉन्टेड' या संचाने जुनी विमाने नव्या रंगात देऊन गुन्हेगारांचा तिसरा पक्ष उभा केला. शिवाय खेळाडूंकडे आधीपासून असलेली काही विमाने त्या पक्षात उडवता यावीत म्हणून वैमानिक आणि त्यांची कौशल्ये सांगणारे पत्तेही दिले. हा पुनर्वापर प्रामाणिक होता. पण त्याच खेळात एका हव्याशा पत्त्यापायी नको असलेले विमान विकत घ्यावे लागे, आणि त्याचे समर्थन मी करू शकत नाही. 2018 च्या दुसऱ्या आवृत्तीत जुन्या विमानांसाठी फक्त पत्ते, पुठ्ठे आणि चकत्यांचे रूपांतर-संच निघाले. जुन्या ग्राहकाचा मान असाच राखायला हवा.

त्याच दशकात गेम्स वर्कशॉपचे वारे मात्र उलट दिशेला वाहत होते. कंपनीने 2010 मध्ये तिच्या मॉडेलांना जोडायचे सुटे भाग विकणाऱ्या चॅप्टरहाउस स्टुडिओज या छोट्या उत्पादकावर हक्कभंगाचा दावा लावला आणि 2013 मध्ये शिकागोच्या न्यायालयात ज्यूरीने संमिश्र निकाल दिला. त्यानंतरच्या नियमग्रंथांतून, ज्यांची मॉडेल कंपनी स्वतः विकत नाही अशा तुकड्या गळत गेल्या. पूर्वी नियम वाचून खेळाडू मूर्ती जुळवत असे. आता पेटीत जे असेल तेवढाच नियम. 2015 मध्ये जोसेफ मॅककलो यांचा 'फ्रॉस्टग्रेव्ह' हा खेळ नेमका याच्या विरुद्ध टोकाला उभा राहिला. एक जादूगार, एक शिष्य, फार तर आठ सैनिक, आणि मूर्ती कोणत्याही कंपनीच्या चालतात. त्याचे विस्तार म्हणजे मुख्यतः नव्या मोहिमांची पुस्तके.

2024 मध्ये जुन्या 'वॉरहॅमर'चा नवा अवतार म्हणून गेम्स वर्कशॉपचा 'द ओल्ड वर्ल्ड' आला आणि ब्रेटोनिया व टूम किंग्ज या फौजांचे बंद पडलेले जुने संच पुन्हा विक्रीला आले. मूर्ती त्याच, पण बऱ्याच पायदळाचा चौकोनी बेस, म्हणजे मूर्तीखालची बैठक, 20 मिलिमीटरवरून 25 वर गेला. त्यामुळे ज्यांच्या फौजा जुन्या बेसवर चिकटलेल्या आहेत, ते मूर्ती उचकटत न बसता मध्ये फट सोडणारे ट्रे बनवून घेत आहेत.